आत्याची पासिओनारिया : बिल्बाओ ते बार्सिलोना

रविवार, बिल्बाओ

स्पेनला जायचं म्हटलं की लोक बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिया, फ्लेमेन्को अशी लिस्ट काढतात. आमच्या आत्याची लिस्ट एकाच बाईभोवती फिरत होती, दोलोरेस इबारुरी, जिला सगळं जग ला पासिओनारिया म्हणून ओळखतं, स्पॅनिश कम्युनिस्ट पार्टीची आधी जनरल सेक्रेटरी आणि नंतर मरेपर्यंत प्रेसिडेंट. आत्या नागपूरला बँकेत होती, युनियनमध्ये अख्खी नोकरी गेली, गेट मीटिंगला घोषणा द्यायला तीच पुढे असायची आणि रिटायर झाल्यावर म्हणाली की मला त्या बाईचं गाव बघायचंय, तू चल सोबत, तुला मोबाईलवर तिकिटं काढता येतात. मी काही कम्युनिस्ट वगैरे नाही, पण फुकटात स्पेन कोण सोडतं.

बिल्बाओला उतरलो तेव्हा बारीक पाऊस सुरू होता, तिथे तो म्हणे सदाच असतो. गुगेनहाइम म्युझियम बाहेरूनच बघितलं, आत्याला त्यात काडीचा इंटरेस्ट नव्हता. आबांदो स्टेशनवर मात्र ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली, तिथे प्लॅटफॉर्मच्या डोक्यावर एक प्रचंड रंगीत काचचित्र आहे, त्यात इथल्या बास्क लोकांचं सगळं जगणं काढलंय, शेतकरी, चर्च, कारखाने, खाणवाले पण. "बघ, उद्या आपण यांच्याकडेच चाललोय," म्हणाली.

रात्री जेवायला पिंचोस, म्हणजे पावाच्या तुकड्यावर काहीबाही ठेवून काडी खोचलेली. आत्या शाकाहारी. दहा प्रकार दाखवले, नऊत मासा किंवा डुक्कर, शेवटी बटाट्याच्या जाड ऑम्लेटवर भागवलं (अंडं चालतं तिला, नशीब).

सोमवार, गायार्ता

सकाळी लोकल धरली, मुस्किसला जाणारी सी-२. एका बाजूला नदी, जुने कारखाने, मग डोंगर सुरू होतात आणि गायार्ता येतं. इथेच ९ डिसेंबर १८९५ ला दोलोरेस जन्मली. आत्याने घरून निघतानाच ठरवलेलं की जन्मघरासमोर फोटो काढायचा. तर गंमत अशी की ते घरच काय, ते गावच आता नाहीये. जुनं गायार्ता लोखंडाच्या दगडावर वसलेलं होतं, वरच्या खाणी संपत आल्यावर कंपनीच्या लक्षात आलं की उत्तम माल गावाच्या खालीच आहे, मग विसाव्या शतकाच्या मध्यावर घरं, चर्च, सगळं टप्प्याटप्प्याने हलवलं आणि जमीन खोदली. आता तिथे बोदोवायेची खाण आहे, साधारण ७०० मीटर लांब आणि १५० मीटर खोल खड्डा, तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला. १९९३ ला तीही बंद पडली.

कठड्याला धरून आम्ही दोघी खाली बघत बसलो. आत्या म्हणाली, "म्हणजे बाईचा जन्म झाला ती जागा हवेत आहे म्हण की." बरोबरच होतं. जिथे तिचा पाळणा हलला ती जमीन ट्रेनच्या वॅगनीत भरून भट्टीत गेली.

काठावरच बास्क प्रदेशाचं खाण म्युझियम आहे, पूर्वीच्या कत्तलखान्यात. छोटं आहे पण वेळ काढून बघा. खाणकामगारांचं जगणं काय होतं ते इथे कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथलं लोखंड जहाजं भरभरून इंग्लंडला जायचं आणि स्पेनच्या गरीब भागातून माणसं इथे लोटत होती, राहायला कंपनीच्या बराकी, आणि सामान घ्यायचं ते पण कंपनीच्या किंवा मुकादमाच्याच दुकानातून, म्हणजे या हाताने मजुरी द्यायची आणि त्या हाताने परत घ्यायची. १८९० साली याच्याविरुद्ध मोठा संप झाला, लष्कर बोलवावं लागलं. अशा ठिकाणी खाणकामगाराच्या घरातल्या अकरा भावंडांत ही आठवी.

पोरगी अभ्यासात हुशार होती, मास्तरीण व्हायचं होतं. घरात पैसे नाहीत म्हणून पंधराव्या वर्षी शाळा सुटली, मग शिवणकाम, मग लोकांच्या घरी मोलकरीण. विसाव्या वर्षाच्या आसपास हुलियान रुइस नावाच्या समाजवादी खाणकामगाराशी लग्न. नवरा संपात, संपातून तुरुंगात, घरात खायला नाही, आणि ही बाई कामगारांच्या वाचनालयातून मार्क्स आणून वाचतेय. १९१८ ला खाणकामगारांच्या पेपरात पहिला लेख लिहिला तो ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, म्हणून खाली सही केली पासिओनारिया, म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांवरून नाव पडलेलं पॅशनफ्लॉवर, आणि तेच नाव जन्माला चिकटलं. बाप पक्का सनातनी कॅथलिक, त्याला लेकीचे हे उद्योग किती रुचले असतील याचा अंदाज करा.

मला खरं हलवलं ते पुढचं. सहा मुलं झाली. १९२३ ला तर तिळ्या मुली, त्यातली एकटी अमाया जगली. सहापैकी चार लहानपणीच गेली, औषधाला आणि धड खायला पैसे नाहीत म्हणून. रुबेन आणि अमाया एवढीच दोन मोठी झाली. आत्या हे सगळं म्युझियमच्या बाकावर बसून मला सांगत होती, बोर्ड वाचून नाही, पाठच होतं तिला. मला वाटतं पुढे रेडिओवर आणि सभांमध्ये तिचा जो आवाज लोकांना हलवून गेला ना तो कुठल्या पार्टी स्कूलमध्ये तयार झालेला नव्हता, तो इथलाच. तिची भाषणं ऐका, सारखी आई, बायको, पोरं, भूक हेच शब्द येतात, थिअरी फार कमी.

मंगळवार, ला आर्बोलेदा आणि पोर्तुगालेते

फनिक्युलरने डोंगरावर ला आर्बोलेदाला गेलो, जुनी खाणवस्ती, जुन्या खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झालीत आणि आता लोक रविवारी पिकनिकला येतात. इथलं लाल राजम्यासारखं कडधान्य फेमस आहे, पण भांड्यात चोरिसो आणि रक्ताचं सॉसेज घालूनच शिजवतात, त्यामुळे आत्याने नुसता पाव खाल्ला आणि हॉटेलवाल्याकडे बघून जे तोंड केलं ते मी इथे लिहू शकत नाही. दुपारी पोर्तुगालेतेचा १८९३ चा झुलता पूल, तो स्वतः हलत नाही, खाली लटकवलेला पाळणा गाड्या आणि माणसं घेऊन नदी ओलांडतो. मस्त आहे. पुढे.

बुधवार, बुर्गोस

माझ्या प्लॅनमध्ये आस्तुरियास प्रांत होता. दोलोरेस १९३६ ला खासदार झाली ती तिथूनच, आणि निवडून आल्याआल्या ओविएदोच्या जेलवर जाऊन राजकीय कैदी सोडवायला लावले हा किस्सा तिथलाच. पण आत्या म्हणाली बुर्गोस जास्त महत्त्वाचं, आणि कारण ऐकल्यावर मी गप्प बसले.

बुर्गोसपासून दहा किलोमीटरवर सान पेद्रो दे कार्देन्या नावाचा मठ आहे. एल सिद या स्पॅनिश वीराला आधी इथे पुरलं होतं, त्याच्या घोड्याचीही आठवण बाहेर जपलीये. आज पांढऱ्या झग्यातले साधू राहतात, वाइन बनवतात. पण १९३६-३९ च्या यादवी युद्धात, निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलेल्या जनरल फ्रँकोने या मठाचा तुरुंग केला आणि सरकारच्या बाजूने लढताना पकडलेले परदेशी स्वयंसेवक, म्हणजे इंटरनॅशनल ब्रिगेडवाले, इथे कोंबले. थंडी, उवा, मार. वर फ्रँकोचा एक लष्करी मानसोपचारतज्ज्ञ, वायेखो-नाखेरा, या कैद्यांची डोकी तपासायला यायचा, का तर मार्क्सवाद हा मनाचा आजार आहे हे सिद्ध करायला.

आणि या कैद्यांत एक आपल्या नागपूरचा होता! गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार. संघाचे पहिले सरकार्यवाह, डॉ. हेडगेवारांच्या अगदी जवळचे. १९३१ च्या बालाघाट दरोडा प्रकरणात शिक्षा झाली, सुटल्यावर पत्रकारिता शिकायला लंडनला गेले, तिथे वारं बदललं आणि जॉन स्मिथ असं नाव घेऊन स्पेनमध्ये लढायला उतरले. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले, या मठात कैद झाले, त्याच वर्षी सुटले आणि भारतात परतल्यावर कम्युनिस्ट पार्टीत गेले. संघाचा सरकार्यवाह ते इंटरनॅशनल ब्रिगेड! कोणी गोष्ट म्हणून लिहिली असती तर मी म्हटलं असतं जरा अति होतंय.

आत्या अंगणात एका साधूला हातवारे करून विचारत होती, "नागपूर, नागपूर, प्रिसिओनेरो," तो बिचारा हसून मान हलवत होता आणि शेवटी त्याने आम्हाला वाइनच्या दुकानाचा रस्ता दाखवला. परत येताना म्हणाली, "काहून गं, आमच्या महालात कोणी का नाही सांगत हे?" महाल म्हणजे नागपूरचा तो भाग जिथे संघाचं मुख्यालय आहे, नागपूरकर असाल तर त्या प्रश्नातली खोच कळेल.

बुर्गोस शहर हे फ्रँकोचं युद्धकाळातलं मुख्यालय. १ एप्रिल १९३९ चं 'युद्ध संपलं' हे पत्रक इथूनच निघालं. कॅथेड्रल सुंदर आहे, सगळे सांगतात, खरंच आहे.

शुक्रवार, माद्रिद

गुरुवार प्रवासात आणि झोपेत गेला. शुक्रवारी पुएर्ता देल सोल. माद्रिदचा मुख्य चौक, अस्वलाचा पुतळा, सेल्फी, आणि घड्याळाची ती लाल-पांढरी इमारत जिच्या टोल्यांवर ३१ डिसेंबरला अख्खा देश बारा द्राक्षं खातो. १९३६ मध्ये या इमारतीत गृहखातं होतं. जुलैमध्ये फ्रँको आणि बाकीच्या जनरलांनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं आणि १९ जुलैला इथून रेडिओवर ही खाणकामगाराची मुलगी बोलली, कामगारांनो, शेतकऱ्यांनो, बायांनो उठा, आणि शेवटी 'नो पासारान', ते पुढे येऊ शकणार नाहीत. ही घोषणा पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी वापरलेली, पण आज ती तिचीच म्हणून ओळखली जाते. माद्रिद त्यानंतर अडीच वर्षांहून जास्त काळ पडलं नाही.

आता याच इमारतीचं पुढचं ऐका. युद्ध हरल्यावर फ्रँकोच्या सिक्युरिटी पोलिसांचं मुख्यालय इथेच आलं. ज्या घोषणेसाठी लोक जीव द्यायला निघाले ती जिथून दिली त्याच घराच्या तळघरांत नंतर त्यांना मारहाण झाली. १९६२ मध्ये हुलियान ग्रिमाउ या भूमिगत कम्युनिस्ट नेत्याला इथे आणलं, तो खिडकीतून खाली गल्लीत पडला, पोलीस म्हणाले त्याने उडी मारली. वाचला, तर एप्रिल १९६३ मध्ये युद्धकाळातल्या आरोपांवर गोळ्या घातल्या. आता तिथे माद्रिद प्रांताच्या सरकारचं ऑफिस आहे. भिंतीवर १८०८ च्या उठावाची पाटी आहे, २००४ च्या रेल्वे बॉम्बस्फोटांची आहे, तळघराबद्दल आम्हाला दर्शनी भागात काही दिसलं नाही. आत्या चिडली. मी तिला चुरोस खाऊ घातले, ते शाकाहारी असतात.

शनिवार, माद्रिद

शनिवारी संसद बघायला मिळते, आधी बुक करा आणि पासपोर्ट घेऊन जा. दारावरचे दोन सिंह मोरोक्कोच्या लढाईत पकडलेल्या तोफा वितळवून केलेले. आत सभागृह तसं लहानच, लाल गादीची बाकं, आणि छतात अजूनही गोळ्यांची भोकं, २३ फेब्रुवारी १९८१ ला लष्करी बंडाच्या प्रयत्नात लेफ्टनंट कर्नल तेखेरो पिस्तूल घेऊन घुसला होता तेव्हाची. सगळे बाकाखाली गेले, तीन जण जागचे हलले नाहीत, पंतप्रधान सुआरेस, म्हातारा जनरल गुतिएरेस मेयादो आणि कम्युनिस्टांचा सांतियागो कारियो.

पण आम्ही आलेलो दोलोरेससाठी. १९३६ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्टांचे १७ खासदार आले, त्यात ही, कायम काळ्या कपड्यात. उजव्या पक्षाचा पुढारी काल्वो सोतेलो याला तिने "हे तुझं शेवटचं भाषण" अशी धमकी दिली आणि मग त्याचा खून झाला, अशी गोष्ट फ्रँकोवाल्यांनी वर्षानुवर्षं सांगितली. खून झाला हे खरं, १३ जुलैला, पोलिसांनीच केला, पण संसदेच्या कामकाजाच्या नोंदीत तिचं असलं वाक्य नाही. फेक न्यूजला व्हॉट्सअॅप लागत नाही.

मग युद्धात हार, मार्च १९३९ मध्ये ती मोनोवारजवळच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने अल्जीरियातलं ओरान, तिथून फ्रान्स, मग मॉस्को. अडतीस वर्षं. रुबेन रेड आर्मीत होता, सप्टेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडला मारला गेला, वय २२. अमायाने लग्न केलं ते स्टालिनने वाढवलेल्या मुलाशी, आर्त्योम सेर्गेयेवशी. त्याच १९४२ मध्ये सेक्रेटरी होसे दियास गेला आणि पार्टी हिच्याकडे आली. १९६० ला तिने सेक्रेटरीपद कारियोला दिलं आणि स्वतः प्रेसिडेंट झाली.

आणि इथे आमचं, म्हणजे माझं आणि आत्याचं, कॅफेत जोरदार वाजलं. माझं म्हणणं, बाई वक्ता म्हणून अफाट, पण पार्टी चालवणारी म्हणून काय? स्टालिनच्या काळात मॉस्को म्हणेल ते बरोबर, सोबत्यांना गद्दार ठरवून काढायचं, कुठेही चकार शब्द नाही. आत्याचं म्हणणं, परक्या देशात निर्वासित म्हणून राहताना, मुलगा त्यांच्याच युद्धात गेलेला असताना, तू काय केलं असतंस ते सांग. आणि १९६८ ला रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा तिने निषेध केलाच की, मॉस्कोत राहून! हे मात्र मला मान्य करावं लागलं. बहात्तर वर्षांच्या बाईने ज्यांच्या घरात राहते त्यांनाच तोंडावर चूक म्हणणं सोपं नसतं. उशीर झाला, पण केलं.

फ्रँको १९७५ ला मेला, ९ एप्रिल १९७७ ला पार्टी कायदेशीर झाली, १३ मे ला ती परतली, ८१ वर्षांची, आणि जूनमध्ये पुन्हा आस्तुरियासमधूनच निवडून आली. जुलैमध्ये नव्या संसदेची पहिली बैठक भरली तेव्हा वयाने सगळ्यात मोठ्यांना अध्यक्षांच्या मंचावर बसवायची पद्धत, तर कवी राफाएल आल्बेर्तीच्या हाताला धरून ती पायऱ्या उतरून आली आणि वर जाऊन बसली. त्याच पायऱ्यांवर आत्याने फोटो काढायचा प्रयत्न केला, गार्डने दोनदा हटकलं.

रविवार, माद्रिद

आल्मुदेना दफनभूमी अवाढव्य आहे, पण आपल्याला जायचं ते समोर रस्त्यापलीकडच्या सिव्हिल सेमेटरीत, जिथे चर्चचा विधी नको असलेल्यांना जागा मिळायची. पहिल्या प्रजासत्ताकाचे तीन राष्ट्राध्यक्ष इथे आहेत, ग्रिमाउ इथे आहे. दोलोरेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकाच्या, पाब्लो इग्लेसियासच्या, मोठ्या स्मारकाजवळ (हा जुना, त्याच नावाचा अलीकडचा पोनीटेलवाला पुढारी नाही). लाल कार्नेशन होती, प्लास्टिकची पण आणि ताजी पण.

ती गेली १२ नोव्हेंबर १९८९ ला. बर्लिनची भिंत ९ तारखेला उघडली होती. तीन दिवस. अंत्ययात्रेला माद्रिदमध्ये तोबा गर्दी. आत्या म्हणाली आमच्या ब्रांचमध्ये त्या आठवड्यात बर्लिनचीच चर्चा होती, ही बातमी कोपऱ्यात आली होती.

सोमवार, बार्सिलोना

सकाळच्या हायस्पीड ट्रेनने अडीच तासांत. बार्सिलोनात बघायला गौदी या आर्किटेक्टच्या इमारती आहेत वगैरे, ते तुम्ही बघालच.

रांबलावर एका सार्वजनिक लायब्ररीला आंद्रेउ निनचं नाव दिलंय, तिथे मी आत्याला मुद्दाम नेलं. निन हा पण कम्युनिस्टच, पण स्टालिनविरोधी पोउम पक्षाचा. जून १९३७ मध्ये त्याला अटक झाली, मग सोव्हिएत एजंटांनी पळवून मारला, आणि दोलोरेसच्या पार्टीने वर सांगितलं की पोउमवाले फ्रँकोचे हेर आहेत. या गोष्टीचं समर्थन होऊ शकत नाही असं माझं मत आणि ते मी लायब्ररीच्या दारातच सांगितलं. आत्या बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हं. हे तिने नंतर तरी बोलायला पाहिजे होतं." युनियनवाल्या बाईकडून एवढं म्हणजे खूप झालं.

१९३८ च्या जूनमध्ये नेहरू इथे येऊन गेले, सोबत कृष्ण मेनन, तेव्हा शहरावर बॉम्ब पडत होते. दोलोरेसला भेटले, आणि भारावून गेले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर इंटरनॅशनल ब्रिगेडला निरोप दिला. युद्धभर मिळून सुमारे ३५,००० परदेशी लोक पन्नासच्या वर देशांतून लढायला आले होते, त्यांची परेड दियागोनाल या मोठ्या रस्त्यावरून गेली, बायकांनी फुलं टाकली, आणि दोलोरेसचं ते भाषण, तुम्ही इतिहास आहात, तुम्ही दंतकथा आहात, शांततेच्या ऑलिव्हला पुन्हा पालवी फुटली की परत या.

दियागोनालवर आता बँका आणि ट्राम. ब्रिगेडचं स्मारक बघायचं तर मेट्रोने एल कार्मेलला जा, वरच्या बाजूला कामगार वस्ती आहे, तिथे रस्त्याच्या मधोमध डेव्हिड आणि गोलियाथचं शिल्प, १९८८ ला बसवलेलं. टूरिस्ट एकही नाही. खाली गोलियाथचं शिरस्त्राण पडलंय आणि वर डेव्हिड उभा, शेजारून बसेस जातात. १९९६ मध्ये स्पेनने हयात असलेल्या ब्रिगेडवाल्यांना नागरिकत्व देऊ केलं, म्हणजे बाईने दिलेला शब्द देशाने ५८ वर्षांनी पाळला, पण आधी अट घातली की आपलं मूळ नागरिकत्व सोडा, ती अट २००७ च्या कायद्याने काढली, तोवर राहिले होते किती. आत्याने विचारलं की हुद्दारांना मिळालं असतं का, मी म्हटलं ते असते तर त्यांना आधी जॉन स्मिथ म्हणजे आपणच हे सिद्ध करत बसावं लागलं असतं, तर म्हणाली की मग नागपूरहून ती कागदपत्रं मी जमवली असती, बँकेत काढलेत मी असे कागद, आणि मेट्रोत बसल्यावर पुढचं आस्तुरियासचं तिकीट कधी स्वस्त असतं ते मला बघायला लावलं.